गावाकडे आलो, पण निवांतपणा काही सापडेना

ओसरी:
नमस्कार मंडळी. शहर सोडून गावाकडे राहायला आलोय. घरात पाच माणसं: आम्ही दोघं, सासूबाई, ११ वर्षांची मुलगी आणि ४ वर्षांचा मुलगा. एकाचं ऑफिसचं काम घरूनच चालतं. घराला विहीर आहे, पत्र्याचं छप्पर साधारण ८० चौ. मी. आहे आणि मागे भरपूर मोकळी जागा. भाजीचे वाफे घरापासून २५ मीटरवर आहेत, पाणी बादलीने घालतो.

सगळ्यांनी मिळून हळू, शांतपणे जगावं म्हणून इकडे आलो. प्रत्यक्षात उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत कामच चाललेलं असतं. त्यात आता सहा कोंबड्या आणि एक गाय आणायचं घरात घाटतंय. विचारायचंय ते असं:

१. भाजी, कोंबड्या, खत, गाय यांचा क्रम काय ठेवावा? प्रत्येकाला रोज किती वेळ द्यावा लागतो?
२. पाण्याचं काय करावं?
३. मुलांना यात कसं घ्यायचं? मोठी कंटाळलीय, धाकटा सगळीकडे हात घालतो.

"गावचं जीवन कसं सुंदर" असली उत्तरं नकोत, ती भरपूर वाचून झालीत. आकड्यात सांगा.

---

बांधकरी:
आकड्यातच सांगतो. आधी तुमची बादली मोजू.

भाजीला आठवड्याला साधारण २५ मिमी पाणी लागतं, म्हणजे दर चौरस मीटरला २५ लिटर. वाफे २० चौ. मी.चे धरले तर आठवड्याला ५०० लिटर. बादली १५ लिटरची, म्हणजे ३३-३४ बादल्या आणि प्रत्येकीला जाऊन-येऊन ५० मीटर. दीड किलोमीटरच्या वर चाल झाली, त्यातली निम्मी भरल्या बादलीने. कडक उन्हात हा आकडा दुप्पट होतो. तुमचा निवांतपणा त्या २५ मीटरात सांडतोय, बाकी कशात नाही.

गावाकडच्या कामांचे दोन गट पाडा. काही कामं आज राहिली तर उद्या होतात: खुरपणी, खत उलथणं, कुंपण. काही कामं आजच आणि ठरल्या वेळीच करावी लागतात: धार काढणं, रात्री खुराड्याचं दार लावणं, रोपांना पाणी. घराला थकवतात ती या दुसऱ्या गटातली. तेव्हा नवीन काही आणण्याआधी "किती काम?" एवढंच विचारू नका. "एक दिवस राहिलं तर काय बिघडेल?" हेही विचारा. पाण्याचं काम पहिल्या गटात ढकलता येतं, आणि ते सगळ्यात आधी करावं.

ते असं करा. विहिरीतून पंपाने भरेल अशी ५०० ते १००० लिटरची टाकी वाफ्यांच्या कडेला, १ ते १.५ मीटर उंच ओट्यावर ठेवा. ओटा भक्कम हवा, हजार लिटर म्हणजे एक टन वजन. टाकीखाली कॉक, त्यापुढे जाळीचा फिल्टर, मग मुख्य नळी आणि तिच्यावरून वाफ्यात ठिबकच्या नळ्या, दर ३० सेंमीवर तोटी. इथे एक चूक सर्रास होते. मीटरभर उंचीने जेमतेम ०.१ बार दाब मिळतो. "दाब समतोल" प्रकारच्या तोट्या एवढ्या दाबावर धड चालत नाहीत, मग लोक म्हणतात ठिबक फसलं. साध्या, कमी दाबावर चालणाऱ्या तोट्या घ्या, एकेक ओळ १०-१२ मीटरच्या आतच ठेवा आणि जमीन उताराची असेल तर ओळी उताराला आडव्या टाका. फिल्टर आठवड्यातून एकदा धुवा. महिन्यातून एकदा नळ्यांच्या शेवटच्या गाठी उघडून साचलेला गाळ सोडून द्या.

वाफ्याची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नको. दोन्ही बाजूंनी ६०-६० सेंमी हात पोचतो, आत पाय टाकावा लागत नाही आणि माती दबत नाही. मधल्या वाटा ४५ सेंमी, पण मुख्य वाट ९० सेंमी सोडा. हातगाडी फिरली पाहिजे आणि सासूबाईंनाही अडखळल्याशिवाय जाता आलं पाहिजे. मातीवर ५ ते ८ सेंमी वाळका पाला किंवा गवत अंथरा. पाणी कमी लागतं, आणि खुरपणी तर एवढी घटते की तेवढ्यासाठीच आच्छादन करावं असं माझं मत. खोडाला मात्र टेकवू नका, दोन बोटं जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं.

आणि नवे वाफे स्वयंपाकघराच्या दारातून दिसतील असे घ्या. नजरेआडचा वाफा आठवड्यात तणाचा होतो.

---

शेणसडा:
वरच्याला जोडून खताचं. याला रोज पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत, तेव्हा भाजीबरोबरच सुरू करा.

ढीग निदान १ मीटर × १ मीटर × १ मीटर हवा; त्याहून लहान ढीग तापत नाही. घमेल्याने मोजायचं तर वाळकं दोन-तीन घमेली (पाचोळा, वाळलं गवत, पुठ्ठ्याचे तुकडे) आणि ओलं एक (भाजीची देठं, हिरवं तण, शेण). मूठभर माल पिळला तर एखाद-दुसरा थेंब यावा, एवढीच ओल. चांगला ढीग दोन-चार दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. उतरायला लागला की बाहेरचं आत, आतलं बाहेर असा उलथा.

वासावरून दोष कळतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त झालंय आणि हवा कमी पडतेय: उलथा, वाळकं घाला. नाकात झोंबणारा अमोनियाचा वास आला तर ओलं जास्त झालंय: नुसतं वाळकं घाला. वास नाही, ऊब नाही आणि आत सगळं जसंच्या तसं दिसतंय, तर ढीग कोरडा पडलाय.

कोंबड्या आल्यावर त्यांची विष्ठा थेट झाडांना घालू नका, मुळं करपतात. ढिगातून जाऊ दे.

---

तुरेवाली:
कोंबड्यांबद्दल. सहा हा आकडा बरोबर आहे. व्यवस्था नीट असेल तर रोज १५ मिनिटं, आठवड्यातून एकदा अर्धा तास. व्यवस्था वाईट असेल तर वेळेला अंतच नाही.

पिल्लं आणू नका. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी करत न्यायची. वीज गेली की तुम्ही रात्रभर जागे. १६ ते १८ आठवड्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) घ्या, त्या बहुधा १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान अंड्यावर येतात. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. सगळ्या एकाच वयाच्या, एकाच वेळी घ्या. नंतर एकटी-दुकटी आणून सोडली तर बाकीच्या टोचून तिला रक्तबंबाळ करतात.

खुराड्यात दर कोंबडीला ०.३ ते ०.४ चौ. मी., बाहेरच्या बंदिस्त अंगणात निदान १ चौ. मी. बसायचा दांडा दर कोंबडीला २० ते २५ सेंमी. अंड्यांची पेटी ३० सेंमी लांब-रुंद-उंच, सहांना दोन पुरतात. दांडा पेटीपेक्षा उंच हवा. कोंबडी झोपायला सगळ्यात उंच जागा शोधते. पेटी उंच असली की तिथेच झोपते, तिथेच घाण करते आणि मग तुम्ही रोज अंडी पुसत बसता. अंडी धुऊन ठेवू नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो गेला की ती लवकर खराब होतात. घाण लागलेलं अंडं आधी वापरून टाका.

जाळी हा सगळ्यात महागात पडणारा धडा. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडी आत ठेवते, शिकारी बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती फाडतं, साप भोकातून शिरतो. १२ मिमी भोकाची वेल्डची जाळी लावा आणि ती खाली जमिनीलगत बाहेरच्या बाजूला ३० सेंमी पसरून मातीने दाबा. उकरणारं जनावर भिंतीच्या मुळाशीच उकरतं. तिथे जाळी लागली की मागे सरकून पुन्हा उकरायचं त्याला सुचत नाही.

खाद्य दर कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम, म्हणजे सहांना आठवड्याला साधारण ५ किलो. १० किलोचं लटकतं भांडं घेतलं की दोन आठवडे बघायला नको. पाणी दर कोंबडीला पाव लिटर, उन्हात दुप्पट. भांडं सावलीत ठेवा. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य तलंगांना फार आधीपासून देऊ नका, त्यातला जास्तीचा कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना बाधतो. अंडी सुरू झाल्यावर शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, जिला हवा ती खाईल. खाद्याचं पोतं पत्र्याच्या झाकणबंद डब्यात. सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

अंडी बंद झाली की लोक घाबरतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. दिवस लहान झाला (पूर्ण अंड्यावर राहायला १४-१६ तास उजेड लागतो), पिसं झडताहेत (दोन-तीन महिने विश्रांती) किंवा कोंबडी खुडूक झालीय, म्हणजे अंडी उबवायला बसलीय. खुडूक मोडायची तर तीन-चार दिवस जाळीच्या तळाच्या, उंचावर टेकवलेल्या पिंजऱ्यात ठेवा, दाणापाणी नेहमीसारखं. पोटाला खालून वारा लागला की उतरते. मात्र कोंबड्या संध्याकाळी आत जायला तयार नसतील आणि तुरे फिके दिसत असतील, तर रात्री बॅटरी घेऊन दांड्याच्या खालची बाजू आणि फटी बघा. लाल गोचिडे दिवसा फटीत लपतात आणि रात्री रक्त पितात. दिवसा कितीही शोधलंत तरी अंगावर सापडणार नाहीत.

---

आड-पोहरा:
सगळे भाजी-कोंबड्यांवर बोलताहेत आणि घरात ४ वर्षांचं मूल आहे. क्रमात पहिलं हे:

विहिरीचा कठडा निदान १ मीटर उंच, त्यावर लोखंडी जाळीचं झाकण आणि कुलूप. कठड्याला टेकून दगड, पिंप, काहीही ठेवायचं नाही, मूल त्यावर चढतं. शौचाच्या टाकीची झाकणं तपासा; तडे गेलेलं झाकण आजच बदला. रिकाम्या बादल्या, टब, घमेली पालथी. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडतं आणि त्याचा आवाज होत नाही.

मग पाणी तपासा. प्रयोगशाळेत दोन गोष्टी मागा: जिवाणू आणि नायट्रेट. वर्षातून एकदा, आणि पुराचं पाणी विहिरीत गेलं तर लगेच. जिवाणू निघाले तर पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की प्यायला चालतं. नायट्रेटचं तसं नाही. उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्याने आणखी दाट होतं. लिटरमागे ५० मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. त्यापुढचं पाणी तान्ह्या बाळाला तर अजिबात नको. शौचाची टाकी आणि खताचा ढीग विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला. टाकीसाठी निदान १५ मीटर, ३० असेल तर बरं.

छपराचं पाणीही धरा. १ मिमी पाऊस १ चौ. मी. वर पडला की १ लिटर. तुमच्या ८० चौ. मी. छपरावर १० मिमीच्या सरीत ८०० लिटर, गळती-उडती वजा जाता ६४० तरी हाताला लागतात. पहिल्या सरीचं पाणी धूळ आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतं. ते ४० ते ८० लिटर वेगळ्या नळीतून सोडून द्या, मगच टाकीला जोडा. पन्हळीच्या तोंडाला जाळी, टाकीला घट्ट झाकण. उघडी टाकी म्हणजे डासांची शाळा.

---

ओसरी:
बाप रे, बादल्यांचा हिशोब वाचून आमच्याकडे शांतताच पसरली. विहिरीला झाकण नाही, ते या आठवड्यात करून घेतो. तीन शंका उरल्या. गायीबद्दल कोणीच बोललं नाही. टोमॅटो एकदम पिकतात, त्यांचं काय करायचं? आणि मुलीचं?

---

दावण:
गायीबद्दल कोणी बोललं नाही, कारण पहिल्या वर्षी ती आणूच नये.

गाय दूध देते ती व्याल्यावर. गाभणपण साधारण २८३ दिवसांचं, आणि विण्याआधी दोन महिने आटवावी लागते. म्हणजे दुधासाठी दरवेळी वासरू येणार. ते कुठे ठेवणार, पुढे त्याचं काय करणार, हे आधी ठरलेलं हवं. धार दिवसातून दोनदा, साधारण १२ तासांच्या अंतराने. एक वेळ चुकली तर सड दाटतात, तसं वारंवार झालं तर कासदाह (कासेची सूज) होतो. लग्न असो, आजारपण असो, दोन्ही वेळा कोणीतरी घरात हवंच. धार, वैरण, पाणी, शेण मिळून रोज दीड ते दोन तास धरा. बांधकरींच्या दुसऱ्या गटातलं हे सगळ्यात मोठं काम.

शेळी लहान असते म्हणून सोपी, असं मानू नका. ती एकटी राहत नाही, निदान दोन लागतात, आणि कुंपण कच्चं असेल तर पहिल्याच संध्याकाळी तुमचे वाफे संपतात.

दूध शेजाऱ्याकडून घ्या आणि बदल्यात अंडी द्या. वर्षभर शेजारच्या गोठ्यात आठवड्यातून दोन दिवस धार काढायला जा. त्यानंतरही वाटलं तर आणा. आणायच्या आधी, तुम्ही नसताना धार काढणारा माणूस ठरवून ठेवा.

---

बरणी:
टोमॅटो. एकदम पिकतात कारण एकदम लावलेत. पुढच्या वेळी रोपं तीन आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन तुकड्यांत लावा. पालक, मुळा यांचं बी दर दोन आठवड्यांनी थोडं थोडं, एका वेळी हातभर ओळ. बी त्याच्या जाडीच्या दोन-तीन पट खोल, त्याहून नाही. आणि मुळा, गाजर यांची रोपं करून हलवू नका, मूळ वाकडं होतं, जागेवरच पेरा.

आता जे पिकलंय ते वाळवा. ५ मिमीच्या चकत्या, एकाच थरात, वरून पातळ कापड, खालूनही वारा लागेल अशी चाळण. दमट हवेत उन्हात वाळवायला जाऊ नका, वाळण्याआधी बुरशी धरते; त्या दिवसांत ओव्हन किंवा वाळवणयंत्र ६० अंशांच्या आसपास. चकती चामड्यासारखी लवचिक पण दाबल्यावर अजिबात ओल न सुटणारी झाली की झालं. गार करून काचेच्या बरणीत दोन-तृतीयांश भरा आणि आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून दव दिसलं तर परत वाळवा. हा आठवडा टाळला की दोन महिन्यांनी बरणी उघडल्यावर बुरशी भेटते.

बरणीबंद रसाचा मोह होईल. टोमॅटोची आम्लता सगळ्या जातींत सारखी नसते, म्हणून लिटरमागे बाटलीतल्या लिंबूरसाचे दोन मोठे चमचे घातल्याशिवाय बंद करू नका. ताज्या लिंबाची आंबटी कमी-जास्त असते. शेंगा, मका, गाजर यांना तर नुसत्या उकळत्या पाण्याने बंद करणं धोक्याचंच. हवाबंद, आम्ल नसलेल्या बरणीत बोट्युलिझमचं (जीवघेण्या अन्नविषबाधेचं) विष तयार होऊ शकतं आणि त्याला वास येईलच असं नाही.

---

बांधकरी:
मुलीचं राहिलं. ११ वर्षांच्या मुलीला "जरा मदत कर" म्हटलं की ती कंटाळणारच, कारण मदत कधी संपत नाही. तिला एक आख्खी गोष्ट सोपवा. कोंबड्या तिच्या: खाद्य कधी संपेल याचा हिशोब, रोजच्या अंड्यांची वही, कोण खुडूक झाली ते ओळखणं, जास्तीची अंडी कोणाला द्यायची ते ठरवणं. त्यात तुम्ही लुडबूड करायची नाही. खुराड्याचं दार मात्र रात्री मोठ्यांपैकी एकाने बघायचं, तेवढं तिच्यावर टाकू नका. एका रात्रीच्या विसरण्याची शिक्षा फार मोठी होते.

चार वर्षांच्याला अंडी गोळा करणं आणि दोन लिटरची झारी पुरते. झारीला कामाचं नाव द्या, पण त्या पाण्यावर वाफा जगवू नका, ठिबक आहेच. कोंबड्यांना हात लावला की साबणाने हात धुणं, बाहेर पडताना पायात काहीतरी घालणं आणि धनुर्वाताची लस वेळेवर आहे ना ते बघणं, एवढं पक्कं करा. झुडपं एकदा फिरून बघा. एरंड, कण्हेर असली तर काढून टाका. एरंडाच्या बिया दिसायला छान असतात, म्हणूनच मूल त्या तोंडात घालतं.

घरून ऑफिसचं काम असल्याने वीज गेली की सगळ्या घराची चिडचिड होते, तेही मिटवून टाका. राउटर १० ते १५ वॉट खातो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ८४ वॉट-तास असतात. शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे तीन-चार तास निघतात. लॅपटॉपला त्याची स्वतःची बॅटरी असते. राउटरला १२ व्होल्ट थेट द्या, इन्व्हर्टर मध्ये घातला तर वीज वाया जाते.

बाजारहाट आठवड्यातून एकदाच. दाराजवळ पाटी टांगा, ज्याला जे हवं ते त्यावर लिहील. पाटीवर नाही ते आलं नाही. "आत्ता पटकन जाऊन येतो" ही फेरी अर्धा दिवस खाते.

आणि आठवड्यातला एक दिवस असा ठेवा की फक्त दुसऱ्या गटातलं काम होईल: कोंबड्यांना सकाळी सोडणं, अंडी, पाणी बघणं, रात्री दार. पाऊण तासाच्या वर गेलं तर दुसऱ्या गटात काहीतरी जास्तीचं शिरलंय, ते शोधून काढा.

---

ओसरी:
क्रम ठरला: झाकण, पाण्याची तपासणी, टाकी आणि ठिबक, ढीग, मग तलंगा. गाय पुढच्या वर्षावर. मुलीने वही आत्ताच आखून ठेवलीय, कोंबड्यांच्या नावांचा रकाना सगळ्यात रुंद आहे. तुरेवाली, एक विचारायचं राहिलं: दांडा गोल चांगला की चपटा?

---

तुरेवाली:
लाकडी, ४ ते ५ सेंमी रुंद, कडा घासून गोल केलेला. लोखंडी नळी नको, थंडीत पाय गारठतात आणि पकड सुटते. दोन्ही टोकं खाचेत नुसती बसवा, खिळे मारू नका. गोचिडे शोधायला दांडा काढता आला पाहिजे.